नारळ मिळाल्यावर बोलायचं किती?

प्रश्न: ताई नमस्कार, हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत मी साडेअकरा वर्षं होते. गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी कॅलेंडरवर 'क्विक कनेक्ट' नावाची मीटिंग आली, जॉइन केलं तर मॅनेजर नाहीच, एचआरची दोन माणसं, आयुष्यात कधी न बघितलेली. 14 मिनिटांत सगळं संपलं, वर म्हणे तुम्हीच रेझिग्नेशन टाका म्हणजे रेकॉर्ड क्लीन राहील. टाकलं. दुपारी 2 ला लॅपटॉप लॉक. डेस्कवरचा मग आणि मनी प्लांट नंतर कुरिअरने आले, मनी प्लांट खोक्यात आडवा, माती सगळी मगमध्ये. त्या रात्री लिंक्डइनसाठी भलीमोठी पोस्ट लिहिली, 'रक्तपिपासू मॅनेजमेंट' वगैरे, ती अजून फोनमध्येच आहे. नवरा म्हणतो टाकू नकोस, पुढे कोणी उभं करणार नाही. बरोबरच्या बाकी 8 जणांनी 'ग्रेटफुल फॉर द जर्नी' छाप पोस्टी टाकल्यात, त्या वाचून तर डोकंच फिरतं. टाकू का?
— एक वाचक, वाकड

उत्तर: अगं, पोस्टचं बघू, आधी ते रेझिग्नेशन. तू जगाला सांगणार 'मला काढलं' आणि कंपनीच्या फाइलमध्ये तुझ्याच मेलवरून गेलेलं 'पर्सनल रीझन्स', म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर कंपनी हसत तो मेल दाखवणार. कायद्याने जो कामगार ठरतो त्याला काढायचं तर 1 महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, हा नियम 1953 पासून आहे आणि नव्या लेबर कोडमध्येही राहिलाय. तू कामगार की मॅनेजर यावर वकील भांडतील, पण राजीनामा दिला की तो वादच अवघड होतो, म्हणून तर एवढ्या गोड आवाजात मागतात. ग्रॅच्युइटी मात्र 5 वर्षं भरली की राजीनाम्यावरही मिळते, ती सोडू नकोस. तो 'क्विक कनेक्ट'चा इन्व्हाइट, कुरिअरची पावती, असेल ते सगळं जपून ठेव आणि एकदा वकिलाला दाखव.

आता त्या ग्रेटफुलवाल्यांवर चिडू नकोस गं. लेकी बोले सुने लागे! लिहितात जुन्या कंपनीला, ऐकायचं असतं पुढच्या रिक्रूटरने. ज्याचा फ्लॅटचा हप्ता 5 तारखेला कापला जातो तो जर्नीबद्दल ग्रेटफुलच असणार ना. मला त्या पोस्टी खोट्या वाटत नाहीत, नोकरीचे अर्ज वाटतात. तुझी पोस्ट अर्ज नाही, म्हणून तुला त्रास होतोय.

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि गेटसभेत माइकवरून मालकाला जे काय ऐकवायचे ते इथे छापता येणार नाही. पण ती शिवी एकट्याची नसायची, हजार माणसांची असायची, त्यामुळे कुणा एकाचं नाव घेऊन 'हा भांडखोर दिसतो' म्हणायची सोय नव्हती (संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, तो वेगळा विषय). तू मात्र स्वतःच्या फोटोखाली, स्वतःच्या नावाने, एकटी बोलणार. म्हणून त्या 8 जणांना आधी फोन कर. जुलै 2025 मध्ये टीसीएसने साधारण 12 हजार लोक कमी करणार म्हणून सांगितलं तेव्हा पुण्यातली नाइट्स ही आयटीवाल्यांची संघटना तक्रार घेऊन थेट केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली होती, कुणा एकट्यादुकट्याला भांडायला लागलं नाही. तिकडे तुम्ही 9 जण मिळून गेलात तर त्याला वजन येतं.

आणि तरी लिहायचंच असेल तर लिही, मी अडवणारी नाही. फक्त 'रक्तपिपासू' खोड. शब्द झकास आहे, पण बदनामीची केस (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356) असल्याच शब्दावर होते, आणि तिथे नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या हिताचंही असावं लागतं. '14 मिनिटं' ठेव. 'साडेअकरा वर्षं' ठेव. मगमधली माती तर ठेवच, त्यापुढे रक्तपिपासू काहीच नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीतल्या एका मुलीने स्वतःला काढतानाचा कॉल रेकॉर्ड करून टाकला होता, त्यात शिवीगाळ काही नाही, ती फक्त परत परत विचारतेय की माझ्या कामात काय कमी होतं ते सांगा, आणि समोरच्या दोघांकडे उत्तर नाही. शेवटी सीईओनेच कबूल केलं की बघताना त्रास झाला.

क्लायंटचं नाव, प्रोजेक्ट, कुणाचे पगार यातलं काही नको, ते बाहेर सांगणार नाही अशा कागदांवर तुझी सही असणार. त्या एचआरच्या पोरीचंही नाव नको, तिच्या हातात कुणीतरी लिहून दिलेला कागद होता, पुढच्या क्वार्टरला कदाचित तिचीच मीटिंग असेल. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे (शेवटच्या हिशोबाचे) पैसे हातात पडेपर्यंत थांब. आणि त्या पैशांबरोबर एखादा कागद सहीला आला तर शेवटचं पान आधी वाच, 'कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही' असं एक कलम बहुतेक तिथेच असतं. ते मान्य करायचं तर किती पैशाला, ते तू ठरव.

प्रश्न: इंटरव्ह्यूत 'आधीची नोकरी का सोडली' विचारतात तेव्हा खरं सांगावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: सांगा की. 'टीममधले एवढे लोक कमी केले, त्यात मी होतो.' एवढंच बोला आणि पाणी प्या. नंतरच्या शांततेत माणूस घाबरून जे पुढचं बोलतो ना, तिथे घोटाळा होतो.