वाचकांचे प्रश्न: जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा गंज, खोक आणि उडालेलं ब्लूइंग

खालचं कुठलंही काम हाती घेण्यापूर्वी काडतुसं भरायचं फिरतं सिलिंडर उघडा, एकेक खण डोळ्याने पाहा, बोटाने चाचपा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दुरुस्ती कोणी करायची याबद्दल परवान्याच्या अटी असतील, तर त्या आधी वाचा.

प्रश्न : ब्लूइंग केलेलं रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये पडून होतं. नळीवर आणि फ्रेमवर तांबूस डाग आलेत. गंज काढायचं द्रावण लावू का?

लावू नका. ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला निळसर-काळा थर, हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे, फक्त काळा आणि घट्ट बसलेला. जे द्रावण गंज विरघळवतं, ते ब्लूइंगही विरघळवतं. व्हिनेगर असो की फॉस्फरिक आम्लाची जेल, डाग जातील आणि त्यांच्या जागी राखाडी पोलाद उघडं पडेल.

गंज नुसता वर बसलेला असेल तर पातळ तेल लावून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी ०००० नंबरचं स्टील वूल तेलात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवा. निघालेली तांबडी पूड लगेच फडक्याने पुसून घ्या, ती तशीच घासत राहिलात तर बारीक ओरखडे पडतात.

गंज बराच पसरला असेल तर उकळण्याचा उपाय जास्त चांगला. सगळे भाग सुटे करा, मुठीच्या पट्ट्या काढा, अॅसिटोनने तेल पूर्ण घालवा आणि गंजलेला भाग डिस्टिल्ड पाण्यात १५-२० मिनिटं उकळा. तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि काजळीसारखा वर उभा राहतो. स्वच्छ स्टील वूलने तो झाडला की खालचं मूळ ब्लूइंग बरंचसं वाचलेलं दिसतं. नळाचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात. शेवटी आतून-बाहेरून तेल लावा. त्या होल्स्टरमध्ये मात्र पुन्हा ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना त्यात राहिलेली आम्लं व क्षार धातूला लागतात.

प्रश्न : फ्रेमच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची खोक आहे. कानशीने सपाट करू का?

आधी ती खोकच आहे, तडा नाही, याची खात्री करा. जागा स्वच्छ करून पातळ तेल लावा, कोरडी पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. थोड्या वेळाने पुडीत तेलाची बारीक रेघ उमटली तर तिथे तडा असण्याची शक्यता आहे. मग हा प्रश्न दिसण्याचा राहत नाही. गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, पाहिल्याशिवाय ते हत्यार वापरू नका.

खोकच असेल तर कडेवरून नख फिरवा. उंचवटा लागेल. टणक वस्तू आदळते तेव्हा धातू बहुतेक वेळा उडून जात नाही, बाजूला सरकतो. खड्डा भरायला लागणारा धातू त्या उंचवट्यातच असतो आणि लोक नेमका तोच आधी कानशीने उडवतात. त्याऐवजी गोल टोकाचा, आरशासारखा पॉलिश केलेला पंच (ठोके द्यायची पोलादी दांडी) घ्या. फ्रेम कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर नीट टेकवा आणि उंचवट्याच्या बाहेरच्या कडेकडून खड्ड्याच्या दिशेने छोट्या हातोडीने हलके ठोके देत या. एक जोराचा ठोका मारण्यापेक्षा पन्नास हलके मारा. हे फक्त फ्रेमच्या जाड, भरीव भागावर करायचं. नळी, सिलिंडर, सिलिंडरवरची पट्टी आणि बाजूची झाकणपट्टी यांवर ठोकू नका, त्यांची मापं बिघडतात.

उरलेली खूण ३२०, ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. कागदामागे पोलादी पट्टी किंवा लाकडाचा सपाट तुकडा हवाच, नुसत्या बोटाने घासलं की पृष्ठभागावर लाटा उठतात. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा चालवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. शेवटचा हात मूळ फिनिशच्या दिशेने फिरवा. बफिंग मशीन मात्र नकोच. त्याने कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा खचतात आणि अक्षरं पुसट होतात. हत्यारावर कोरलेल्या क्रमांकाच्या आसपास अजिबात घासू नका. तो पुसणं बहुतेक देशांत गुन्हा आहे.

गंजाने पडलेल्या खोल खड्ड्यांची गोष्ट वेगळी, तिथला धातू खरोखरच गेलेला असतो. ०.२ मिलिमीटरचा खड्डा घालवायला आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग तेवढाच उतरवावा लागतो. आमच्या मते तो तसाच ठेवून तेल लावत राहणं शहाणपणाचं.

प्रश्न : कोल्ड ब्लू (घरच्या घरी कापसाने लावायचं ब्लूइंगचं द्रावण) लावलं, पण डागडाग उठले आणि चार दिवसांत गंज आला.

डागांचं कारण तेल. जागा पुसलेली असली तरी स्क्रूच्या भोकांतून आणि सांध्यांतून ते पुन्हा झिरपतं. स्टील वूललाही कारखान्यातूनच तेल लावलेलं असतं, म्हणून तेसुद्धा अॅसिटोनमध्ये धुवून घ्या. हेअर ड्रायरने धातू हाताला चांगला गरम लागेल इतपत तापवा. तेल झिरपलं तर पुन्हा अॅसिटोनने पुसा. मग कापसाने द्रावण लावा आणि ३० ते ६० सेकंद ओलं ठेवून फिरवत राहा. धुवा, सुकवा, वूल फिरवा. असे चार-पाच हात द्या.

गंज आला तो द्रावणाचं आम्ल मागे राहिल्यामुळे. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्याने धुवा, मग गरम पाण्याने धुवा आणि तेलात रात्रभर ठेवा. बहुतेक द्रावणांत सेलेनियमची विषारी संयुगं असतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

तरीही हा थर पातळच. नळीच्या तोंडाची कड किंवा एखादा ओरखडा झाकायला तो ठीक, अख्ख्या रिव्हॉल्व्हरला नाही. पूर्ण काम करायचं तर हॉट ब्लूइंग लागतं, म्हणजे सुमारे १४० अंश सेल्सिअसचं कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण. ते घरी करायचं काम नाही. फ्रेमला चुंबक चिकटत नसेल तर ती अॅल्युमिनियमची असू शकते, आणि अॅल्युमिनियम त्या द्रावणात विरघळतं.

प्रश्न : सिलिंडरभोवती गोल रेघ पडली आहे. कशी घालवावी?

घालवू नका. सिलिंडर अडवणारा खटका फिरताना घासतो, त्याची ती रेघ आहे. रंग दिलात तरी पुन्हा पडेल. मात्र तो खटका ज्यांत बसतो त्या सिलिंडरवरच्या खाचांच्या कडा ठेचल्यासारख्या दिसत असतील तर आतली जुळणी तपासून घ्या.

प्रश्न : निकेलचा मुलामा कडेला उडाला आहे. तो साफ कशाने करावा?

निकेलला चालणारं सौम्य मेटल पॉलिश वापरा, तेही क्वचित. अमोनिया असलेलं नळी साफ करायचं द्रावण लांब ठेवा. निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. अमोनिया उडालेल्या कडेतून आत शिरून तो थर खातो आणि उरलेलं निकेल पापुद्र्यांनी सुटतं. उडालेली जागा तेवढीच बेमालूम भरता येत नाही, त्या भागाचा सगळा मुलामा उतरवून नव्याने चढवावा लागतो. तोवर उघड्या पोलादाला मेणाचा पातळ हात द्या.