मोठी गिटार विकून फक्त ट्रॅव्हल गिटार ठेवली तर चालेल का?

तुमची कायम फिरती असते, मोठी अकूस्टिक गिटार घरी पडून राहते, म्हणून ती विकून एकच छोटी ठेवावी का, असा तुमचा प्रश्न आहे. गाण्याला साथ म्हणून एकट्यानं वाजवणार असाल तर छोटीवर नक्की भागतं. तरीही मोठी लगेच विकू नका. मी दीड वर्ष फक्त छोटीच वाजवली आहे, त्यावरून सांगतोय.

छोटीचा आवाज लहान असतो हे सगळेच सांगतात. मला त्यापेक्षा खर्ज जास्त आठवायचा. सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास बोलते आणि लहान पेटीला इतका खालचा सूर नीट उचलता येत नाही. जी (G) कॉर्ड धरून सगळ्या तारांवरून हात फिरवला की मोठी गिटार पोटाशी घुमते, ते घुमणं छोटीत येत नाही. इंग्लिश गायक एड शीरन मार्टिन कंपनीच्या छोट्या गिटारवर मोठमोठे कार्यक्रम करायचा हे खरं, पण तिथे आवाज गिटारीत बसवलेल्या पिकअपमधून स्पीकरवर जायचा. माइकशिवाय चारचौघांत वाजवायचं असेल तर छोटी मागे पडते.

दुसरी गोष्ट तारेच्या लांबीची. टेलर कंपनीच्या छोट्या ‘बेबी टेलर’ची स्केल लेंग्थ (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) 22.75 इंच, टेलरच्या बहुतेक मोठ्या गिटारींची 25.5. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर छोटीवरचा ताण सुमारे 20 टक्के कमी होतो. बोटांना ते फार सुखाचं वाटतं, एका बोटानं सगळ्या तारा दाबायला लावणारी एफची बार कॉर्डसुद्धा सहज बसते. पण तार सैल असल्यामुळे जरा जोरात दाबली की सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर, आणि डी कॉर्ड धरली की बेसूर! बरेच दिवस मी ट्यूनरलाच दोष देत होतो. शेवटी 12 नंबरच्या जागी 13 नंबरच्या, जरा जाड तारा लावल्या, पकड हलकी केली, तेव्हा कुठे ते थांबलं. (जाड तारा चालतात का, हे आधी कंपनीच्या माहितीत बघून घ्या.)

हाताच्या सवयीचाही विचार करा. पहिल्या फ्रेटचं (मानेवरच्या धातूच्या पट्टीचं) घर मोठीवर साधारण 36 मिलिमीटरचं, छोटीवर 32 चं. मी मोठीवर परतलो तेव्हा करंगळी फ्रेटच्या बरीच अलीकडे पडायची आणि तार खरखरायची. आठवडाभरात हात बसला, पण तोवर चिडचिड झाली.

एकच ठेवायची असं अगदी ठरलंच असेल तर वल्ह्यासारखी चिंचोळी गिटार घेऊ नका. टेलरच्याच जीएस मिनीसारखी, 23.5 इंच स्केलची आणि जरा खोल पेटीची बघा. घेताना बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकापाठोपाठ ऐका. सहाही तारांवर. दोन्ही जुळत नसतील तर दुसरी काढून दाखवायला सांगा.