त्याची वकिली तू का करतेस?

ताई,

मी सत्तावीस वर्षांची. घर पंचवटीत, नोकरी सातपूरला एका कंपनीत. जूनमध्ये साखरपुडा झाला. लग्न वैशाखात आहे, गंगापूर रोडचं लॉन्स ठरलंय आणि बाबांनी पत्रिकेचे नमुनेसुद्धा आणून ठेवलेत. पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही सोमेश्वरला बसलो होतो. त्याने स्वतःहून सांगितलं की बेंगळुरूला असताना त्याचं एका मुलीशी दोन वर्षं होतं. मी म्हटलं, झालं गेलं. मग मीही सांगितलं. पुण्यात मी एकाबरोबर वर्षभर राहत होते, तो सोडून गेला. तो एकदम गप्प झाला. मला घरी सोडताना म्हणाला, "मला वेळ दे. मी फोन करीन, तू करू नकोस." तेव्हापासून नुसतं 'हं' आणि 'कामात आहे'. संक्रांतीला त्याच्या आईंचा तिळगुळाचा मेसेज आला. उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही, त्यांना सगळं कळलं असणार. माझी आई म्हणते, तोंड उघडायची गरजच काय होती?

तो वाईट नाही, ताई. त्याच्या घरचं वळण तसं आहे. कुणालाही धक्का बसेल. त्याने मला कधी फसवलं नाही. आधीच ऑफिसचा ताण आहे त्याला.

बी.ए.ला परीक्षेपुरती वाचलेली 'टेस' ही कादंबरी सार्वजनिक वाचनालयातून आणून पुन्हा वाचली, तेव्हापासून रडू थांबत नाही. टेसला टाकून गेलेला तिचा नवरा एंजल परत येतो, पण उशिरा. मी किती थांबू? खरं सांगितलं ही माझी चूक झाली का?

— तुमची एक वाचक, नाशिक

*

अगं,

तुझं पत्र वाचताना मी हातात पेन्सिल घेतली होती. तू त्याच्या बाजूने लिहिलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढली. तो वाईट नाही, वळण तसं आहे, कुणालाही धक्का बसेल, कामाचा ताण आहे. मग तुझ्या बाजूचं वाक्य शोधलं, तर ते एकही सापडलं नाही. 'टेस'मध्ये नेमकी हीच गोष्ट हार्डीने लिहून ठेवली आहे, आणि रडण्याच्या भरात तुझ्या नजरेतून ती निसटली असावी, म्हणून आज जरा कादंबरीबद्दलच बोलते.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही थॉमस हार्डीची कादंबरी १८९१ मध्ये आली. टेस ही खेड्यातल्या गरीब घरातली थोरली मुलगी. घरच्यांनी तिला श्रीमंत 'नातेवाइकां'कडे कामाला पाठवलं, तिथे अ‍ॅलेकने तिचा घात केला. मूल झालं आणि गेलं. पुढे एका दूधडेअरीवर कामाला असताना पाद्र्याचा मुलगा एंजल तिच्या प्रेमात पडला. लग्नाच्या रात्री आधी त्याने कबूल केलं की लंडनमध्ये एका परक्या बाईबरोबर त्याने अठ्ठेचाळीस तास घालवले होते. तिने तत्काळ क्षमा केली. मग तिने आपलं सांगितलं. तो म्हणाला, मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेस. आणि तिला टाकून ब्राझीलला निघून गेला.

खरं सांगितल्याचं आधी बघू. टेसच्या आईनेही तिला कळवलं होतं की झालेल्या प्रकाराचा नवऱ्यापाशी अवाक्षर काढू नकोस. तुझ्या आईवर रागावू नकोस, हे आया भीतीपोटी बोलतात, मुलीवरच्या मायेपोटी बोलतात. पण टेसला लपवायचं नव्हतं. लग्नाच्या काही दिवस आधी तिने चार पानांवर सगळं लिहून ते पत्र एंजलच्या दाराखालून आत सरकवलं. ते सतरंजीच्या खाली गेलं. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला ते तिथेच जसंच्या तसं मिळालं आणि तिने फाडून टाकलं. लग्नाआधी कळावं ही तिची धडपड होती, तिला ते जमलं नाही. तुला जमलं. अक्षता पडायच्या आधी, समोर बसून, स्वतःच्या तोंडाने तू सांगितलंस. टेसची कहाणी वाचून तू घाबरलीस, पण ती जिथे अडकली ती जागा तू केव्हाच मागे टाकली आहेस.

आता मला खरोखर बोलायचं आहे ते. एंजल सोडून जायला निघतो त्या प्रसंगी हार्डी मध्येच थांबतो आणि वाचकाला सांगतो की टेसने त्या निर्जन रस्त्यावर आकांत केला असता, रडली असती, भोवळ येऊन पडली असती, तर बहुधा एंजलचा पाय निघाला नसता. पण तिने सगळं सोसलं. तिच्या सोसण्याने त्याची वाट सोपी केली. त्याची सर्वांत चांगली वकील तीच ठरली.

त्याआधीची एक रात्र आठव. एंजल झोपेत चालत येतो, तिला उचलून घेतो, माझी बायको मेली असं पुटपुटत नदी ओलांडतो आणि एका पडक्या मठातल्या दगडी शवपेटीत तिला नेऊन ठेवतो. म्हणजे झोपेत त्याचं प्रेम जिवंत आहे. सकाळी त्याला काही आठवत नाही. हे त्याला सांगितलं असतं तर! पण त्याला शरम वाटेल, राग येईल म्हणून टेस गप्प बसते. निघताना तो बजावतो की मी येईपर्यंत तू माझ्याकडे यायचा प्रयत्न करू नकोस. ती मान डोलावते. 'मी फोन करीन, तू करू नकोस' हे वाक्य तू किती निमूटपणे पाळलं आहेस बघ. नियम त्याने घातला आणि त्याचं कारण तू शोधून दिलंस.

हीच टेस दुसऱ्यासाठी मात्र अशी नव्हती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि तिच्यावर माझा जीव आहे तो याच्यासाठी. बाळ जगत नाही असं दिसल्यावर अर्ध्या रात्री ती धाकट्या भावंडांना उठवते, हात धुवायच्या भांड्यात पाणी घेते आणि स्वतः त्याचा बाप्तिस्मा करते. बाळाला रीतसर दफन देता येणार नाही असं पाद्री म्हणतो तेव्हा ती त्याच्या तोंडावर सांगते की तुम्ही मला आवडत नाही, तुमच्या चर्चमध्ये मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. मग खाजकुइली माजलेल्या कोपऱ्यात पुरलेल्या त्या बाळासाठी दोन काटक्यांचा क्रूस करते आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत फुलं ठेवते. बाळासाठी अख्ख्या गावाच्या पाद्र्याशी भांडणारी ही मुलगी स्वतःसाठी नवऱ्यासमोर एक वाक्य बोलत नाही. तुझ्या धाकट्या बहिणीला किंवा मैत्रिणीला कुणी असं तीन महिने टांगून ठेवलं असतं तर तू काय केलं असतंस? तू त्याच्या घरी जाऊन उभी राहिली असतीस.

आणि तिळगुळाच्या त्या मेसेजबद्दल. तू त्याला उत्तर दिलं नाहीस, म्हणून टेसची ती पायपीट तुला पुन्हा वाचायला लावते. लग्नाला वर्ष होत आलेलं. एंजल बेपत्ता, पैसे संपलेले, ती एका माळरानावर गोठलेल्या जमिनीतले कंद खणायच्या कामाला लागलेली. एका रविवारी पहाटे चारला ती सासऱ्यांच्या घरी मदत मागायला पायी निघते. पंधरा मैल, म्हणजे चोवीस किलोमीटर. आपल्या नाशिकहून त्र्यंबकेश्वरला चालत जावं त्याच्या जरासं अलीकडे. गाव आल्यावर ती चिखलाचे जाड बूट काढून कुंपणात लपवते आणि चांगले बूट घालते, सासरी जायचं म्हणून. घंटा वाजवते. दार उघडत नाही. पुन्हा वाजवते. घरातली सगळी चर्चला गेलेली असतात. ती परत फिरते, तेवढ्यात रस्त्यात एंजलचे भाऊ तिच्या मागून बोलत येतात, त्याने कसलं लग्न केलं म्हणून हळहळत. कुंपणातले बूट त्यांच्यातल्या एकाला सापडतात, आणि गरिबाला देऊ म्हणून त्यांच्याबरोबरची बाई ते घेऊन जाते. टेसला वाटतं, मुलं अशी तर आई-बाप कसे असतील. ती पुन्हा दाराशी जातच नाही. हार्डी इथे स्पष्ट लिहितो की हे तिचं सर्वांत मोठं दुर्दैव होतं, कारण त्या म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना तिची अवस्था पाहून नक्की पाझर फुटला असता. परतीच्या वाटेवरच तिला अ‍ॅलेक पुन्हा भेटतो. पुढे टेसच्या हातून झालेला अ‍ॅलेकचा खून, तिची फाशी, सगळं त्या न उघडलेल्या दारापासून सुरू होतं.

तुझ्या बाबतीत तर तिकडून हाक आली आहे. त्या बाईंना काही माहीत आहे की नाही, हे तुला ठाऊक नाही. मुलाच्या गप्प बसण्यावरून तू आईचं मन ठरवून मोकळी झालीस. आजच उत्तर दे. 'काकू, उशीर झाला, तुम्हीही तिळगूळ घ्या' एवढंच. पुण्याचं त्यांना सांगायचं नाही. ते तुझं आहे, आणि ते कुणाला सांगायचं हे तूच ठरवायचंस.

हार्डी 'टेस' लिहीत होता त्याच सुमाराला इकडे हरिभाऊ आपटे आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही यमूची कहाणी क्रमशः छापत होते. यमूकडे घंटा वाजवायला दारच नव्हतं. विधवा झाली, केस गेले, सगळे रस्ते बंद. टेसला निदान एक दार होतं. तुझ्याजवळ नोकरी आहे, स्वतःचा पगार आहे, बाबा आहेत, फोन आहे. यमूच्या आणि टेसच्या वाट्याचं रडणं तू आपल्या अंगावर ओढून घेऊ नकोस.

आणखी एक, जरा रागाने सांगते. टेसवर अ‍ॅलेकने बळजोरी केली. तू पुण्यात ज्याच्याबरोबर राहिलीस त्याच्यावर तुझं प्रेम होतं. तो निघून गेला, त्याचं दुःख तू एकटीने निस्तरलंस. या दोन गोष्टी तू एका तागडीत टाकल्या आहेस आणि दोन्हींबद्दल स्वतःला अपराधी धरते आहेस. टेसचा अपराध नव्हता, म्हणून तर हार्डीने पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर तिला शुद्ध स्त्री म्हटलं आणि त्यावरून लोकांची बोलणी खाल्ली. तुझाही नाही. बेंगळुरूची दोन वर्षं 'झालं गेलं' होऊ शकतात तर पुण्याचं एक वर्ष का नाही, हा प्रश्न पाडव्याला तुझ्या ओठांवर आला असणार. तो गिळू नकोस.

किती थांबू, असं विचारतेस. पत्रिका छापायला जायच्या आत. म्हणजे या आठवड्यात त्याला फोन कर. मेसेज नको, आणि फोनवर भांडणही नको. एवढंच म्हण, "पाडव्याला आपण दोघांनीही सांगितलं. तुझं मी ऐकून घेतलं. माझं ऐकून तू गप्प झालास. मला रविवारी समोर बसून तुझं उत्तर हवंय." भेटलात की लग्न करायचं आहे का हे सरळ विचार. हो म्हणाला तर तिथेच थांबू नकोस, उद्या भांडणात हे पुण्याचं वर्ष तो बाहेर काढणार का, तेही विचार. उगाच नव्हे. मनात अढी ठेवून हो म्हणणारा नवरा दहा वर्षांनीही ती अढी वापरतो, अशी पत्रं माझ्याकडे येत असतात. तो बोलत असताना त्याच्या बाजूने तू बोलू नकोस. त्याला शब्द सापडत नसतील तर ते त्याचे त्याला शोधू दे. आणि या माणसाबरोबर तुला राहायचं आहे का, हेही त्या दिवशी ठरणार आहे, ते विसरू नकोस.

तो माणूस चांगला असेलही. एंजलसुद्धा दुष्ट नव्हता. ब्राझीलमध्ये तापाने खचलेला असताना एका अनोळखी सहप्रवाशाने त्याला सुनावलं की बायकोला टाकून तू चूक केलीस, तेव्हा त्याचे डोळे उघडले. पण तोपर्यंत टेस अ‍ॅलेकबरोबर राहायला लागली होती, आणि दारात उभ्या एंजलला ती एवढंच म्हणू शकली की फार उशीर झाला. तुझ्या माणसाला ती अक्कल यायला ब्राझीलला जावं लागू नये. समोर बसून तूच त्याला सुनाव, आणि बघ तो काय म्हणतो.

रविवारी तो आलाच नाही, किंवा आणखी वेळ मागितला, तर त्याच संध्याकाळी बाबांना सांग की पत्रिका थांबवा. कारण विचारलं तर 'आमचं पटत नाहीये, थोडं बोलायचं आहे' एवढं पुरे. लॉन्सची आगाऊ रक्कम गेली तरी जाऊ दे. ती रक्कम बुडेल या भीतीने लग्न उरकलेली घरं मी पाहिली आहेत. आणि त्याने चिडून तुझं हे खासगी कुणाजवळ बोलायची धमकी दिली, तर ती लपवू नकोस, लगेच आईला सांग. आई ओरडेल, पण तुझ्याच बाजूने उभी राहील.

रविवारी काय झालं ते मला कळव.

तुझी,
ताई