उरच्या झिगुरातच्या भिंतीत भोकं कशासाठी?

फोटोत ओळीने दिसणारी उभट भोकं आत थडग्याकडे जातात का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. झिगुरातच्या पोटात दालनच नसतं. झिगुरात म्हणजे प्राचीन इराकमधला टप्प्याटप्प्यांनी चढत जाणारा भरीव चौथरा. देवाचं घर त्याच्या माथ्यावर. दक्षिण इराकमधल्या प्राचीन उर शहरात तो देव म्हणजे चंद्रदेव नन्ना.

भोकांचं कारण बांधकामात आहे. राजा उर-नम्मूने इ.स.पू. २१०० च्या सुमारास हे काम काढलं, मुलगा शुल्गीने पुरं केलं. पाया साधारण ६४ बाय ४६ मीटर. गाभा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा, त्यावर सुमारे अडीच मीटर जाडीचं भाजलेल्या विटांचं कवच, डांबरात बसवलेलं. सगळंच पक्क्या विटांत का नाही? दक्षिण इराकमध्ये माती हवी तेवढी, पण भट्टीला सरपण नाही.

खरी अडचण इथेच येते. कच्ची वीट ओल धरते आणि फुगते. डांबरी सांध्यांच्या कवचातून ती ओल बाहेर पडत नाही, मग गाभा कवचाला आतून रेटतो आणि भिंत पोट काढते. म्हणून कवचातून थेट गाभ्यात जाणारी भोकं ठेवली, आत खापऱ्या सैल भरल्या. घाटातल्या संरक्षक भिंतींना पाणी निचरायला भोकं ठेवतात, त्याच जातीचं काम. उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वुलीला वाटलं, टप्प्यांवर झाडं होती आणि त्यांना घातलेलं पाणी झिरपायला ही सोय. मला गाभा कोरडा ठेवण्याचंच कारण पटतं; झाडं नसली तरी कच्च्या विटेला ही सोय लागतेच.

बगदादजवळच्या अकर कूफला, उरनंतर काही शतकांनी बांधलेल्या झिगुरातमध्ये, दुसरा उपायही उघडा दिसतो: ठरावीक थरांनंतर बोरूच्या चटया, आणि गाभ्यातून आरपार ओवलेले बोरूचेच जाड दोर. वरचं कवच गेल्यामुळे चटयांचे पट्टे लांबूनही मोजता येतात.

फोटो बघताना एक जपा. उरच्या खालच्या टप्प्याचा दर्शनी भाग आणि जिने बऱ्याच अंशी १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीचे आहेत. माथ्यावरचं मंदिर उरलेलंच नाही, त्यामुळे तीन टप्पे आणि वर देऊळ दाखवणारी चित्रं अंदाजाने पुरी केलेली असतात. मूळ विटा बघायच्या तर संग्रहालयांत शोधा. उर-नम्मूच्या काळातल्या कित्येक विटांवर त्याच्या नावाचा ठसा असतो, ओल्या मातीतच दाबलेला. एका विटेवर तर कुत्र्याचे पंजेही उमटलेत. वीट वाळत पडली असताना ते वरून चालत गेलं.