व्हेन ऑफ गॅलेन: शंटचं नंतर बघा, आधी एमआरआयची डिस्क मिळवा

ताई, बाळाचं हृदय मोठं झालंय पण एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) भोक-बिक काही नाही, एमआरआयमध्ये व्हेन ऑफ गॅलेन मालफॉर्मेशन निघालं आणि आता डोक्यात पाणी म्हणून शंट, म्हणजे ते पाणी बाहेर वळवणारी नळी, टाकू म्हणतायत, हे तुमचं वाचून आमचे एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या आयसीयूचे) दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, फक्त एक बाप आहे, त्या हिशोबाने घ्या. आजार काय आहे ते तुम्ही एव्हाना शोधून वाचलंच असेल: मेंदूतल्या एका मोठ्या शिरेला धमन्या जन्मतःच थेट जोडलेल्या असतात, ती शीर फुगते आणि हृदयावर ताण येतो.

शंटची घाई मला पटत नाही. धमन्यांचं रक्त थेट त्या फुगलेल्या शिरेत घुसतं, शिरांमधला दाब वाढतो म्हणून पाणी शोषलं जात नाही, म्हणजे मूळ दुखणं तो दाब. आधी एम्बोलायझेशन, म्हणजे मांडीतून कॅथेटर नेऊन ग्लूने त्या जोडण्या बंद करणं, जमेल का हे लहान मुलांचं हे काम नेहमी करणाऱ्या न्यूरोइंटरव्हेन्शनवाल्यांना (मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कॅथेटरने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना) विचारा. कधी शंट लागतोही, पण ते त्यांनी ठरवावं. बिसेत्र स्कोअर किती तेही विचारा, म्हणजे बाळाचं हृदय, मेंदू वगैरे किती तग धरून आहेत याचे गुण, २१ पैकी असतो, जास्त तेवढं बरं. १२ च्या वर आणि हृदय औषधांवर टिकतंय तर सहसा काही महिने थांबतात, ८ ते १२ मध्ये असेल तर लगेच करतात.

आता आमचं खरं घोडं कुठे अडलं ते सांगतो. रेकॉर्ड रूम! दुसऱ्या शहरातले डॉक्टर बघायला तयार होते, पण फिल्मचे मोबाईलवर काढलेले फोटो त्यांच्या काही कामाचे नव्हते, त्यांना डिस्कच हवी होती, आणि आमच्या हॉस्पिटलात उत्तर काय तर डिस्क डिस्चार्जलाच मिळते, मग अर्ज द्या, मग सही करणारे साहेब सुट्टीवर, आणि इकडे बाळ व्हेंटिलेटरवर. एक डिस्क कॉपी करायला किती वेळ लागतो हो? लेखी मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, पण एवढ्याशा जिवासाठी ७२ तास पण खूप झाले. त्यामुळे आजच अर्ज द्या, पोच घ्या, आणि एकोचीही क्लिप मागा.

जाता जाता, इन्शुरन्सवाले 'जन्मजात' म्हणून हात वर करतील. जन्मजात दोषात बाहेरून दिसणारा आणि आतला असे दोन प्रकार पॉलिसीत वेगळे असतात, हा आतला, डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. अर्थात तुमची पॉलिसी नीट वाचून.

स्कोअर कळला की इथे टाका.