वाचक विचारतात : फोर्ट सेलकर्कची माणसं गेली कुठे?

प्रश्न : सर, माझा भाचा कॅनडात युकॉन नदीतून होडीने गेला होता. वाटेत फोर्ट सेलकर्क नावाचं गाव लागलं. लाकडी घरं, शाळा, चर्च सगळं जागच्या जागी, राहणारं मात्र कुणी नाही. सोनं संपलं म्हणून लोक गेले का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सोन्याचा इथे फारसा संबंध नाही. ते सापडलं नदीच्या खालच्या अंगाला, डॉसन शहराकडे. सेलकर्कच्या वाट्याला आले शिपाई. सोन्यामागे धावणाऱ्यांवर वचक राहावा म्हणून १८९८ मध्ये सरकारने २०३ जणांची तुकडी धाडली, तिचा मुख्य तळ इथे पडला.

मला जास्त रस आहे तो त्याआधीच्या भानगडीत. पेली नदी युकॉनला मिळते तिथे फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्पबेलने १८४८ मध्ये वखार घातली. जागा काही ओसाड नव्हती. नॉर्दर्न टचोन या मूळ रहिवाशांचा तिथे जुना वावर. त्यांच्याकडची फर घ्यायची आणि किनाऱ्यावरचा माल द्यायचा, हा धंदा डोंगर ओलांडून येणाऱ्या, किनाऱ्यावरच्या चिल्कट त्लिंगित जमातीच्या व्यापाऱ्यांचा. कंपनीने त्यांच्या पेठेत येऊन दुकान थाटलं. १८५२ च्या ऑगस्टमध्ये चिल्कटांनी वखार लुटली आणि कॅम्पबेलला हाकलून दिलं. पुस्तकं याला लूट म्हणतात. मी चिल्कटांना फार दोष देणार नाही. वखार पुन्हा उभारू द्या, हे सांगायला कॅम्पबेल बर्फातून चालत मिनेसोटापर्यंत गेला. पठ्ठ्या चिवट खरा! पण वरून नकार आला. कंपनी तिथे परतली ती थेट १९३८ मध्ये.

गाव रिकामं झालं ते रस्त्यामुळे. व्हाइटहॉर्स ते डॉसन वाफेच्या बोटी चालत तोवर सेलकर्कला माल, टपाल, पाहुणे सगळं धक्क्यावर मिळे. १९५० च्या सुमारास मोटाररस्ता झाला, तो गावाला बगल देऊन. बोटी बंद पडल्या, दुकान उठलं. माणसं आधी मिंटोला आणि मग रस्ता नदी ओलांडतो त्या पेली क्रॉसिंगला गेली. सेलकर्कला आजही होडीने किंवा छोट्या विमानानेच जाता येतं.

पण गाव बेवारस समजू नका. सेलकर्क फर्स्ट नेशन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा समाज, आणि युकॉन सरकार यांची त्यावर सामाईक मालकी आहे. घरं धड दिसतात ती डागडुजी होते म्हणून.

भाच्याने पल्याडच्या काळ्या कड्यांचे फोटो काढले असतील तर तेही पाहा. तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, फक्त वयाने कितीतरी लहान.