"मॅडम, हिचं गणित काढून टाकायचं का?"

अकरावी सायन्सची पहिली चाचणी झाली की गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. या वेळी दिंडोरीकडच्या एक ताई मुलीला घेऊन आल्या होत्या. दहावीला चांगले गुण, आता 'सरळ रेषा' धड्यावर २५ पैकी ६. पोरगी धड जेवेना, "मला गणित येतच नाही" एवढंच म्हणे.

घरी द्राक्षबाग, म्हणून पेपर बाजूला ठेवून मी विचारलं, "टेंपोवाला ५ किलोमीटरला ३०० घेतो, १० ला ४५०. मग १८ ला किती?"

"६९०," ती म्हणाली. "किलोमीटरला ३० पडतात, आणि गाडी हलायचेच १५०."

मी कागदावर लिहिलं: वाय = ३० एक्स + १५०. "दोन बिंदू होते, (५, ३००) आणि (१०, ४५०). ३० हा चढ, आणि १५० वर रेषा वाय-अक्षाला छेदते. समीकरण तूच काढलंस." ती आईकडे बघत राहिली.

मग पेपर उघडला. बिंदू (−२, ७) आणि (४, −५). चढ काढताना वर वायमधला फरक, −५ − ७ = −१२, बरोबर. खाली एक्समधला फरक, तो मात्र ४ − (−२) ऐवजी ४ − २. म्हणून चढ −२ च्या जागी −६, आणि पुढचं सगळंच वाया. तीन गणितांत हीच चूक! धडा येत होता, कंस सुटत होता. अशा मुलाला 'कच्चं' म्हणणं मला फार लागतं.

खरी भीती वेगळीच होती. उत्तर बरोबर की चूक, हे गुण हातात येईपर्यंत तिला कळतच नसे. मी म्हटलं, एका बिंदूवरून समीकरण मांड आणि दुसरा त्यात घालून बघ. तिच्या वाय = −६ एक्स − ५ मध्ये एक्स ४ घातला तर −२९ येतात, हवे होते −५.

"म्हणजे मला तिथेच कळलं असतं?" आवाजात चीड होती. मला बरं वाटलं. तिने पुन्हा सोडवलं: वाय = −२ एक्स + ३. चार घातले, −५ आले. खाली दोन रेघा ओढल्या.

गणित सोडायचा निर्णय मी ताईंना दोन आठवडे लांबवायला सांगितला.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. प्रत्येक गणिताशेजारी समासात 'दुसरा बिंदू बघितला' असं लिहिलेलं. एका ठिकाणी बिंदू होते (३, १) आणि (३, ८), छेदात शून्य. तिथे कुणालाही न विचारता तिने लिहिलं होतं: 'चढ निघत नाही. उभी रेषा. एक्स = ३.'